अमेरिकेतल्या नामवंत कॉलेजांत सॅटच्या गुणांना खरंच किती वजन असतं?

तुमचा प्रश्न असा : मुलगी सोलापुरात अकरावी सायन्सला, स्टेट बोर्ड, दहावीला ९४ टक्के. सॅट (अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची प्रवेशपरीक्षा) एकदा दिली, १६०० पैकी १४१० मिळाले (गणित ७७०, इंग्रजी ६४०). अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांना एवढे पुरतील का, की सॅटचा नाद सोडून बारावीच्या मागे लागावं?

आधी डोक्यातून कॅप राउंड काढा. आपल्याकडे सीईटीचं पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात आकडे मोजतात आणि तेवढ्या फरकानेही ब्रँच हुकते. तिकडे मेरिट लिस्ट नाही, कट-ऑफ नाही. १५६० वाल्याला नकार आणि १४९० वालीला प्रवेश, हे तिथे रीतसर घडतं. ही मुलगी इथला अभ्यास पेलेल का, एवढंच त्यांना गुणांवरून बघायचं असतं. पेलेल असं दिसलं की पुढचा निर्णय निबंध, शिफारसपत्रं आणि वर्गाबाहेर तिने काय केलं यावर. म्हणून १५४० चे १५७० करायला घातलेले तीन महिने बहुतेक फुकट जातात. १४१० चे १५०० करायला घातलेले जात नाहीत.

आता सोलापूरची गोष्ट वेगळी का, ते सांगतो. लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. गड्डा (संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) भरेपर्यंत बहुतेक अर्ज गेलेले असतात. मार्चअखेर निकाल, १ मेपर्यंत होकार कळवायचा. आपली बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि निकाल मे महिन्यात! म्हणजे ज्या टक्क्यांसाठी घरदार वेठीला धरतो, ते निर्णयाच्या वेळी जन्मालाच आलेले नसतात. (नंतर ते पाठवावे लागतात आणि फारच घसरले तर दिलेला प्रवेश काढूनही घेतात, तेव्हा बारावी सोडून द्या असं मी म्हणत नाही.)

अर्ज वाचणाऱ्यापुढे असतात नववी, दहावी, अकरावीच्या गुणपत्रिका आणि बारावीचे कॉलेजने लिहून दिलेले प्रेडिक्टेड मार्क्स. नववी-दहावीच्या प्रती शाळेकडून, अकरावी-बारावीच्या ज्युनियर कॉलेजकडून, असे दोन दरवाजे झिजवावे लागतात. ऑगस्टमध्येच सुरुवात करा. खरी फसगत होते ती अकरावीत. इथे अकरावीला कोणी विचारत नाही. मुलं क्लासमध्ये जेईई-नीट करतात आणि कॉलेजची परीक्षा कशीबशी उरकतात. तिकडच्या अर्जात मात्र तेच शेवटचं पूर्ण झालेलं वर्ष असतं. तिथे ६२ टक्के दिसले तर सॅटचे १५५० ते झाकत नाहीत; उलट पोरगी हुशार आहे पण नेटाने बसत नाही, असा अर्थ निघतो. मुलगी आत्ता अकरावीतच आहे, तर आधी ती वार्षिक परीक्षा नीट होऊ द्या.

दुसरं कारण, तिथल्या माणसाला तुमचं ज्युनियर कॉलेज माहीत नसतं. स्टेट बोर्डाचे ९४ टक्के म्हणजे फार की बरे, हे त्याला एकट्या आकड्यावरून कळत नाही. सगळ्या जगाला सारखी असलेली मोजपट्टी त्याच्या हातात सॅटचीच. डार्टमथ कॉलेजने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, तेव्हा त्यांच्या अभ्यासात हेच आलं होतं : साधनं कमी असलेल्या घरांतली मुलं, फायद्याचे ठरले असते असे गुणही कमी समजून लपवत होती. ते फायद्याचे ठरले असते, कारण तिथे गुण विद्यार्थ्याच्या शाळेच्या आणि परिस्थितीच्या संदर्भात वाचतात.

कुठे सक्ती आहे? एमआयटीने (अमेरिकेतली, कोथरूडची नव्हे) २०२२ मध्येच परत आणली. हार्वर्ड, ब्राउन, कॅलटेक यांनी २०२४ मध्ये. येलला सॅटऐवजी एसीटी (सॅटसारखीच दुसरी परीक्षा) किंवा एपी, आयबी या अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुण चालतात. कोलंबिया विद्यापीठात ऐच्छिक. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली आणि लॉस एंजेलिसही, गुण पाठवले तरी प्रवेशासाठी बघत नाही. हे नियम फिरत असतात, म्हणून अर्जाच्या वर्षी त्या-त्या कॉलेजच्या साइटवर पुन्हा तपासा.

अंदाज बांधायला कौन्सेलरची फी भरू नका. कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' (कॉलेज स्वतःच जाहीर करतं ती प्रवेशाची आकडेवारी) असं शोधा. त्यातला सी-७ हा तक्ता सांगतो की ते गुणांना, निबंधाला, शाळेतल्या कामगिरीला किती महत्त्व देतात. सी-९ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांचे २५ व्या, ५० व्या आणि ७५ व्या पर्सेंटाइलचे गुण असतात (२५ व्याचा आकडा म्हणजे पाव मुलांचे गुण त्याच्या खाली), शिवाय किती टक्के मुलांनी गुण पाठवले तेही.

तुमच्या लेकीचं गणित झालेलं आहे. उरलेल्या ३० गुणांसाठी जीव काढू नका. सगळी जागा इंग्रजीत आहे. त्या भागात दोन मोड्यूल, म्हणजे पेपरचे दोन तुकडे, प्रत्येकी ३२ मिनिटांत २७ प्रश्न. पहिलं मोड्यूल कच्चं गेलं की दुसरं सोपं येतं आणि गुणांना वरून झाकण बसतं, म्हणून पहिल्यात घाई नको. मोड्यूलमध्ये शब्दार्थाचे आणि उताऱ्याचे प्रश्न आधी, व्याकरणाचे नंतर येतात. सेमी-इंग्रजीची मुलं उताऱ्यांत अडकतात आणि हमखास गुणांचं व्याकरण घाईत उरकतात. मोड्यूलच्या आत पुढे-मागे जाता येतं, तेव्हा व्याकरण आधी सोडवून मग मागे यायचं. ५४ पैकी ११ ते १५ प्रश्न स्वल्पविराम, अर्धविराम, क्रियापदाचं रूप अशा मोजक्या नियमांवर असतात आणि ते दीड-दोन महिन्यांत पक्के होतात. उताऱ्याचं वाचन तेवढ्यात सुधारत नाही, ते आजपासून रोज. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

पुण्याचं केंद्र घेतलंत तर आदल्या दिवशीच जा. पावणेआठला हजर व्हायचं असतं आणि सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पुण्यात पोचेपर्यंत दहा वाजून जातात. ज्यावर पेपर द्यायचा ते ब्लूबुक अ‍ॅप लॅपटॉपवर आधीच टाकून सेटअप पूर्ण करा, त्याशिवाय प्रवेशपत्र निघत नाही. मध्येच नेट गेलं तरी पेपर चालू राहतो; नेट लागतं सुरुवातीला आणि जमा करताना. आणि नाव! बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मुलीच्या नावाला चिकटलेलं, असं घरोघरी असतं. नोंदणी पासपोर्टवरच्या नावाने, अक्षरन् अक्षर तसंच.

मे-जूनची सॅट द्या, गरज पडली तर ऑगस्टची. बरीच कॉलेजं वेगवेगळ्या तारखांतले गणिताचे आणि इंग्रजीचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, त्यामुळे ७७० कुठे जात नाहीत. इतकं करूनही १४१० च राहिले, तर सक्ती नसलेल्या कॉलेजचा सी-९ उघडा. तिथला २५ व्या पर्सेंटाइलचा आकडा १४३० च्या आसपास असेल तर पाठवा. १५०० असेल तर पाठवू नका, आणि त्या यादीत अशी कॉलेजं दोन-तीनच ठेवा.