आजारी आईला वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला नेतोयस, म्हणून सांगतो

भावा, महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट आधीच काढ आणि जत्रेचा आठवडा टाळ. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून वांद्र्यात मुंगी शिरायला जागा नसते, आजारी माणसाचे हाल होतात.

बाहेर मेणाचे हात, पाय, काळीज मिळतं. जे दुखतं ते वाहायचं. मी गुडघ्यासाठी पाय वाहिला होता. गुडघा? अजून कुरकुरतोय! पण शेजारच्या बाकावरच्या अनोळखी मावशींनी न विचारता माझ्यासाठी जपमाळ ओढली आणि मी पोरासारखा रडलो. महिनाभर झोप नव्हती. त्या रात्री गाडीत मिरज कधी आलं, कळलंच नाही. याला काय म्हणायचं ते तू ठरव.

आईच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नकोस. फ्रान्समधल्या लूर्द या मेरीच्या तीर्थस्थानी बरं झाल्याचे दावे हजारोंनी आहेत, पण डॉक्टरी तपासणीनंतर चर्चनं चमत्कार मानलेत ते सत्तरच्या आसपास. जिला तिथं मेरीचं दर्शन झालं असं मानतात ती बर्नादेत स्वतः 1879 मध्ये, 35 व्या वर्षी आजारानंच गेली.

आणि आईला ‘बरं वाटतंय का?’ असं सारखं विचारू नकोस. तुझ्यासाठी ती हो म्हणेल.