ई. कोलाय या जिवाणूत कॅटालेज हे एन्झाइम असताना त्याला एएचपीसी हे दुसरं एन्झाइम कशाला लागतं? त्याची रचना कशी असते?

हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणं हे दोघांचं काम एकच दिसतं, पण पल्ला वेगळा. पेशीत रोज तयार होणारं अत्यल्प हायड्रोजन पेरॉक्साइड एएचपीसी उचलतं. मात्रा वाढली की ते अपुरं पडतं, कारण प्रत्येक फेरीला एक एनएडीएच (पेशीतला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) खर्च होतो. कॅटालेजला तो लागत नाही, म्हणून मोठा मारा तेच झेलतं.

एएचपीसीची एक साखळी साधारण २१ किलोडाल्टनची. दोन साखळ्यांची जोडी आणि अशा पाच जोड्यांचं कडं, म्हणजे दहा साखळ्यांचा संच. यात हीम (लोह असलेला गट) नाही, धातू नाही. सगळी मदार सिस्टीन या गंधक असलेल्या अमिनो आम्लावर. सिस्टीन ४६ (साखळीतल्या ४६ व्या जागेवरचं) पेरॉक्साइडवर हल्ला करून सल्फेनिक आम्ल बनतं. मग जोडीदार साखळीतलं सिस्टीन १६५ त्याच्याशी डायसल्फाइड बंध (दोन गंधकांमधला बंध) जोडतं. तो बंध एएचपीएफ हे फ्लेविनवालं प्रथिन एनएडीएचचे इलेक्ट्रॉन देऊन सोडवतं. बंध जुळलेला असताना कडं सैल होतं आणि जोड्या सुटू लागतात.

पेरॉक्साइड फार झालं तर सिस्टीन ४६ सल्फिनिक आम्लापर्यंत जातं आणि एन्झाइम निकामी होतं. हे डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) न घातलेल्या, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ओळखता येतं: डायसल्फाइडवाली जोडी ४२ किलोडाल्टनच्या आसपास, निकामी झालेलं २१ वर. मात्र नमुना बनवताना आधी एन-इथाइलमॅलेइमाइड (मोकळी सिस्टीन्स झाकणारं रसायन) घाला, नाहीतर मोकळी सिस्टीन्स हवेतच जुळतात आणि जेल खोटं बोलतं.

३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात एनएडीएचची घट मोजून एएचपीसीचा वेग काढत असाल तर बफरमधलं डीटीटी आधी पूर्ण काढा. ते स्वतःच एएचपीसीला इलेक्ट्रॉन पुरवतं, एनएडीएच कमी खर्च होतो आणि वेग खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो.