गाईडना टेन्युअर मिळालं नाही, तर मुलीचं काय?

नमस्कार. तुमच्या मुलीला अमेरिकेतल्या संशोधन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य विषयात पीएच.डी.ला प्रवेश मिळालाय. तिने निवडलेल्या गाईड कृष्णवर्णीय असिस्टंट प्रोफेसर आहेत, नोकरीचं चौथं वर्ष चालू आहे. ‘अशा बाईंना टेन्युअर मिळत नाही, गाईड बदल’ असा सल्ला तिला मिळाला, आणि तुम्ही काळजीत पडलात.

वाट अवघड आहे हे खरं, पण त्याचं कारण बाईंच्या कुवतीत शोधू नका. टेन्युअर म्हणजे कायम नेमणूक. साधारण सहाव्या वर्षी फाइल तपासतात: शोधनिबंध, ग्रँट, अध्यापन, बाहेरच्या ज्येष्ठ प्राध्यापकांची गोपनीय पत्रं. विभागात एकच कृष्णवर्णीय बाई असली की प्रत्येक समितीवर तिचं नाव लागतं, अडचणीतले विद्यार्थीही तिचंच दार ठोठावतात. हे तास लिखाणातून वजा होतात आणि फाइलमध्ये त्यांना फारसं वजन नसतं. ग्रँटचीही तीच गत. २०११ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात शिक्षण, प्रकाशनं वगैरे फरक जमेस धरूनही एनआयएचची (आरोग्य संशोधनाला पैसा देणारी अमेरिकी सरकारी संस्था) मुख्य ग्रँट मिळण्याचं कृष्णवर्णीय अर्जदारांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा १० टक्के-अंकांनी कमी निघालं.

विभागाने होकार दिला तरी फाइल वर अडू शकते. पुलित्झर विजेत्या कृष्णवर्णीय पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांच्या टेन्युअरवर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या विश्वस्तांनी आधी मतदानच घेतलं नाही. त्याच अध्यासनावर पूर्वी आलेल्यांना ते मिळालं होतं. ओरड झाल्यावर जून २०२१ मध्ये ९ विरुद्ध ४ मतांनी मंजुरी आली, पण त्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या. अन्याय आहे हा, सरळ.

आता मुलीचा हिशेब. निकाल साधारण दोन-तीन वर्षांनी लागेल, म्हणजे तिची क्वालिफाइंग परीक्षा (प्रबंधाच्या कामाआधीची पात्रता परीक्षा) होण्याच्या सुमाराला. नकार आला तरी गाईडना बहुधा आणखी एक वर्ष मिळतं. तेवढ्यासाठी गाईड बदलायची गरज मला दिसत नाही. ऑफर लेटरमध्ये मात्र बघा, स्टायपेंडची हमी विभागाची आहे की फक्त गाईडच्या ग्रँटची? किती वर्षांची? ग्रँटवरच असेल, तर विभागाकडून लेखी हमी मागा. गाईड दुसरीकडे गेल्या आणि मुलगीही त्यांच्याबरोबर निघाली, तर तिथला प्रवेश, नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) आणि सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) ट्रान्सफर, एवढं करावं लागेल. इथेच राहायचं तर दुसऱ्या वर्षापासून टेन्युअर असलेले एक सह-गाईड हवेत.

ते नाव आधी बाईंनाच सुचवू द्या. त्यांना वगळून मुलगी थेट विभागप्रमुखांकडे गेली, तर ‘विद्यार्थीच यांच्यापासून दूर जातायत’ अशी चर्चा नेमकी फाइल तपासणाऱ्यांपर्यंत पोचेल.