वाचकांचे प्रश्न : अंगणातला ॲश आणि दलदलीतला ॲश

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे मिनेसोटात, सेंट पॉल शहराजवळ राहतो. घरामागे ॲशचे दोन मोठे वृक्ष आहेत. त्यांपैकी एकाचा शेंडा यंदा विरळ झाला असून सुतार पक्षी त्याची साल उडवत आहेत. शेजाऱ्यांच्या मते झाडाला हिरवा भुंगेरा लागला आहे आणि आता दोन्ही झाडे तोडणेच शहाणपणाचे आहे. येथील कडाक्याच्या थंडीतही ही कीड कशी टिकते? झाडे वाचतील का? उत्तरेकडील जंगलांत ॲश पुष्कळ आहे, त्याचे काय होणार?
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : सुतार पक्ष्यांचे निदान बहुधा बरोबर आहे. सालीखाली अळ्या असल्याशिवाय ते एवढे कष्ट घेत नाहीत. तरीही खोड एकदा जवळून पाहावे. या भुंगेऱ्याने बाहेर पडताना पाडलेले भोक साधारण तीन-चार मिलिमीटरचे आणि इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचे, म्हणजे एका बाजूने सपाट असते. साल निघालेल्या जागी नागमोडी बोगदे दिसले, तर शंकेला जागा उरत नाही. झाड ॲशच आहे ना, हेही तपासावे. ‘माउंटन ॲश’ नावाने विकले जाणारे झाड वेगळ्या कुळातले आहे आणि त्याला या किडीचा धोका नाही. (खरा ॲश आपल्या पारिजातकाच्या कुळातला.)

प्रौढ भुंगेरा पाने कुरतडतो, पण त्याने झाडाचे फारसे बिघडत नाही. खरे नुकसान अळी करते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारा सालीखालचा थर ती खात जाते, आणि बोगद्यांचा वेढा पूर्ण झाला की झाड वरून वाळत येते. हा कीटक मूळचा ईशान्य आशियातला. तेथील ॲश त्याच्यासोबतच वाढलेले असल्याने निरोगी झाड त्याला सहसा दाद देत नाही. अमेरिकी ॲशला मात्र हा शत्रू सर्वस्वी अनोळखी होता. तो बहुधा मालाच्या लाकडी पेट्यांतून १९९०च्या दशकात आला. २००२मध्ये डेट्रॉइट परिसरात त्याची ओळख पटली, तेव्हा तो तेथे कित्येक वर्षे मुरलेला होता. कॅनडाने ऑन्टॅरिओत सुमारे दहा किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातले सगळे ॲश तोडून त्याची वाट अडवून पाहिली, पण भुंगेरा आधीच पट्ट्यापलीकडे पोहोचला होता. आपल्या सेंट पॉलमध्ये तो २००९मध्ये सापडला.

थंडीविषयी आपला तर्क अगदीच चुकीचा नाही. पारा उणे तीस अंश सेल्सिअसच्या खाली गेला की बऱ्याच अळ्या मरतात. मात्र सालीआड हवेपेक्षा थोडी ऊब असते आणि उरलेल्या अळ्यांपासून संख्या पुन्हा वाढते. कडक हिवाळा म्हणजे थोडी उसंत, एवढेच समजावे.

आता झाडांविषयी. दोन्ही एकदम तोडण्याचा सल्ला मला पटत नाही. दुसरे झाड अजून हिरवेगार असेल, तर परवानाधारक वृक्षतज्ज्ञाकडून त्याच्या बुंध्यात एमामेक्टिन बेंझोएटचे इंजेक्शन द्यावे. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी आपले शेतकरी फवारतात तेच हे औषध, पण येथे ते झाडाच्या रसाबरोबर वर चढते. म्हणून ते पालवी फुटल्यानंतर, वसंताच्या अखेरीस द्यायचे असते आणि त्याचा परिणाम दोन ते तीन वर्षे राहतो. ज्या झाडाचा पर्णसंभार तीस टक्क्यांहून अधिक गेला आहे, त्याच्या रसवाहिन्या इतक्या तुटलेल्या असतात की औषध वर पोहोचत नाही आणि पैसे वाया जातात. आपले पहिले झाड या मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहे, हे प्रत्यक्ष पाहणाराच ठरवील. ते काढायचे ठरल्यास भुंगेरे उडत नाहीत अशा हिवाळ्यात काढावे, पण वर्षानुवर्षे पुढे ढकलू नये. मेलेला ॲश लवकर ठिसूळ होतो, त्यावर चढायला कामगार तयार होत नाहीत आणि खर्च वाढतो. त्याचा जळाऊ लाकूडफाटा मात्र तलावाकाठच्या शिबिराला नेऊ नये. तोडलेल्या लाकडातही अळी जगते, आणि भुंगेऱ्याचे लांब पल्ल्याचे बरेच प्रवास माणसाच्या गाडीतूनच झाले आहेत. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२१च्या जानेवारीत ॲशच्या लाकडाच्या वाहतुकीवरील आपले निर्बंध उठवले, त्याचा अर्थ धोका टळला असा नाही. कीड इतकी पसरली की देशपातळीवर तिला रोखण्यात अर्थ उरला नाही, असा आहे.

आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मिनेसोटात ॲशची झाडे सुमारे शंभर कोटी आहेत आणि त्यांतील बहुसंख्य उत्तरेकडील दलदलीत वाढणारे ‘ब्लॅक ॲश’ आहेत. हे वृक्ष जमिनीतले पाणी उपसत असतात. ते मेले की पाण्याची पातळी वर येते, नवी रोपे तग धरत नाहीत आणि जंगलाच्या जागी गवत व पाणकणीस माजते. याच झाडाचा ओंडका ठोकून येथील मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याची वलये एकेक सुटी करतात आणि त्या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात. तेव्हा झाडाबरोबर ही विद्याही पणाला लागली आहे. शंभर कोटी झाडांना इंजेक्शन देता येत नाही. म्हणून वनरक्षक ॲश उभा असतानाच त्याच्या सावलीत ओल सोसणारी इतर झाडे लावत आहेत, बियाणे साठवले जात आहे, आणि साथीतूनही जगलेल्या मोजक्या झाडांपासून प्रतिकारक्षम रोपे मिळवण्याचे प्रयत्न चालू आहेत. २००७पासून आशियातून आणलेल्या चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाश्याही सोडल्या जातात. उसाच्या खोडकिड्यासाठी आपल्याकडे ट्रायकोकार्ड (किडीचा नाश करणाऱ्या चिमुकल्या परोपजीवी माश्यांचे कार्ड) लावतात, त्याचेच हे तत्त्व. या गांधीलमाश्या कोवळ्या झाडांना चांगले संरक्षण देताना दिसतात. जाड सालीच्या जुन्या वृक्षांत अळीपर्यंत पोहोचणे त्यांना जड जाते.

प्रश्न : आमच्या कारखान्यात परदेशांतून लाकडी पेट्यांतून यंत्रे येतात. असा भुंगेरा आपल्याकडे येऊ शकेल का? गावच्या आंब्याला भोके पडली आहेत, ती याचीच नसतील ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आंब्याची भोके भिरूडाची असावीत, तो वेगळा आणि येथलाच भुंगेरा आहे. ॲशचा भुंगेरा आंब्यावर जगत नाही. हिमालयात मात्र ॲशच्या काही जाती आहेत, म्हणून पेट्यांविषयीची आपली शंका रास्त आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवावा लागतो किंवा त्याला मान्य धुरी द्यावी लागते, आणि त्याची खूण म्हणून गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारतात. हा नियम २००२मध्ये, म्हणजे डेट्रॉइटचा भुंगेरा ओळखला गेला त्याच वर्षी, संमत झाला. शिक्का नसलेली, साल शिल्लक असलेली किंवा भुसा गळणारी पेटी आली, तर ती आवारात पडू न देता केंद्राच्या वनस्पती विलगीकरण कार्यालयाला कळवावे.