अमेरिकेत हॅट कुठे काढावी आणि कुठे डोक्यावर राहू द्यावी?

आपण लिहिले आहे की नोकरीनिमित्त आपण सपत्नीक अमेरिकेला जात आहात, ऊन सोसत नसल्यामुळे रोज हॅट वापरता, आणि ती तेथे नेमकी कोठे काढायची याची आपल्याला काळजी वाटते. लिफ्टचे आणि रेस्टॉरंटचे काय, पत्नीलाही तोच नियम लागतो का, आणि राष्ट्रगीताच्या वेळी टोपी न काढणे हा गुन्हा आहे का, असे तीन उपप्रश्नही आपण विचारले आहेत. मी त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने गेली बरीच वर्षे रुंद कडेची हॅट वापरतो आणि त्यातला मोठा काळ परदेशांत गेला आहे. त्यामुळे या बाबतीत होण्यासारख्या बहुतेक चुका माझ्या करून झाल्या आहेत.

पुरुषाने छपराखाली आल्यावर हॅट काढावी, हा नियम सगळे सांगतात, पण तो तसाच्या तसा पाळू गेल्यास फजिती होते. रेल्वे स्थानक, विमानतळ, टपाल कार्यालय, मोठ्या दुकानाचे दालन, कचेरीच्या इमारतीतला लांबलचक मार्ग, या सगळ्यांना छप्पर आहे आणि तरीही तेथे हॅट डोक्यावर असली तर कोणी काही मनात आणत नाही, कारण शिष्टाचाराच्या दृष्टीने या जागा म्हणजे रस्ताच समजल्या जातात. उलट कोणाचे घर, वरिष्ठांची खोली, वर्ग, न्यायालय, नाट्यगृह येथे ती उतरवावी लागते. या दोन्ही याद्या पाठ करण्यापेक्षा मी स्वतःपुरती एक खूण ठरवून घेतली आहे: जेथून मी केवळ जातो आहे तेथे हॅट राहते, आणि जेथे मी थांबलो, बसलो, कोणाचा पाहुणा झालो तेथे ती उतरते. कॉफीच्या काउंटरवर उभ्याउभ्या पेला घेऊन निघायचे असेल तर हॅट राहू द्यावी. तीच कॉफी टेबलाशी बसून प्यायची असेल तर खुर्ची ओढण्याआधी हॅट काढावी. रेस्टॉरंटविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आले.

लिफ्टबाबत मात्र जुन्या जाणकारांनी फार बारीक भेद केला होता. एमिली पोस्ट या अमेरिकन लेखिकेचा शिष्टाचारावरील ग्रंथ 1922 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सांगण्यानुसार हॉटेलच्या किंवा राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एखादी स्त्री आली तर पुरुषाने हॅट काढावी, परंतु कचेऱ्यांच्या किंवा दुकानांच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये ती काढण्याची गरज नाही. एकच लोखंडी पेटी, पण एका इमारतीत ती घराचा भाग ठरते आणि दुसऱ्या इमारतीत रस्त्याचा, हे मला या संपूर्ण शास्त्रातले सर्वांत तर्कशुद्ध कलम वाटते. आज ते कोणी पाळत नाही. गर्दीच्या लिफ्टमध्ये रुंद कडेची हॅट छातीशी धरली तर ती शेजाऱ्याच्या बरगडीत जाते, म्हणून मीही ती डोक्यावरच राहू देतो. फक्त राहत्या इमारतीत कोणी वयस्कर शेजारी आत आले तर कड किंचित उचलतो.

ही कड उचलण्याची खूण आणि हॅट काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालता चालता ओळखीचे कोणी भेटले, कोणी आपल्यासाठी दार धरून ठेवले, किंवा अनोळखी व्यक्तीला वाट विचारायची झाली, तर हॅट क्षणभर उचलून पुन्हा ठेवायची असते किंवा कडेला नुसता बोटांचा स्पर्श करायचा असतो. थांबून बोलणे सुरू झाले, विशेषतः समोर स्त्री असेल, तर जुन्या रीतीनुसार हॅट पूर्ण काढून हातात धरीत. उचलताना, समोरच्या व्यक्तीपासून जो हात दूर असेल तो वापरावा, म्हणजे आपल्याच कोपराने आपला चेहरा झाकला जात नाही. हातात धरताना आतली बाजू आपल्याकडे वळवावी, कारण अस्तरावरचा घामाचा डाग दुसऱ्याला दाखवण्यासारखा नसतो. आजच्या काळात ही खूण सर्वांत स्पष्ट दिसते ती खेळाच्या मैदानावर. गोल्फचे खेळाडू शेवटच्या खड्ड्यापाशी हस्तांदोलन करण्यापूर्वी टोपी काढतात, आणि शतक झाल्यावर हेल्मेट उतरवून प्रेक्षकांकडे बॅट उंचावणारा फलंदाज त्याच जुन्या घराण्यातला आहे. मराठीत टोपी घालणे म्हणजे फसवणे खरे, पण कौतुक करताना आपणही ‘हॅट्स ऑफ’ म्हणून ती काढतोच.

लष्करी सलामही बहुधा याच खुणेतून आला. शूर सरदार एकमेकांना चेहरा दाखवण्यासाठी शिरस्त्राणाची जाळी वर करीत आणि त्यातून सलाम जन्मला, ही कथा पुष्कळ सांगितली जाते, पण तिला भक्कम आधार नाही. त्यापेक्षा विश्वसनीय गोष्ट अशी की अठराव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश पायदळातील शिपायांना आदेश मिळाला की अधिकाऱ्यासमोर टोपी काढू नये, नुसता हात टोपीपर्यंत न्यावा. आजही ब्रिटिश सैन्यात डोक्यावर टोपी नसेल तर सर्वसाधारणपणे हाताने सलाम करीत नाहीत.

एवढ्याशा कृतीला इतके नियम का, असे आपल्याला वाटत असेल, तर त्याचे कारण असे की युरोपात अनेक शतके कोणी कोणासमोर हॅट काढायची यावर माणसाची पायरी ठरत असे. स्पेनमध्ये राजासमोर डोके झाकून उभे राहण्याचा मान सर्वोच्च दर्जाच्या सरदारांना होता आणि तो ते जिवापाड जपत. जानेवारी 1649 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्यावर खटला चालला तेव्हा त्याने न्यायाधीशांपुढे हॅट काढली नाही, कारण ती काढणे म्हणजे आपल्यावर खटला चालवण्याचा त्यांचा अधिकार मान्य करणे झाले असते. 5 मे 1789 रोजी व्हर्सायला फ्रान्सची इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, भरली. राजा सोळाव्या लुईने भाषणानंतर हॅट घातली, रिवाजानुसार सरदारांनी आपापल्या हॅट घातल्या, आणि मग सामान्य वर्गाच्या प्रतिनिधींपैकी अनेकांनी, कोणताही हक्क नसताना, आपल्याही डोक्यावर चढवल्या. पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडून फ्रेंच राज्यक्रांती पेटायला तेव्हा अजून दोन महिने अवकाश होता.

पण या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारी हकीकत 1670 ची आहे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक मनुष्यापुढे हॅट काढीत नसत. तो मान केवळ ईश्वराचा, म्हणून प्रार्थनेच्या वेळीच ती काढायची, असा त्यांचा आग्रह होता. विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकरांना लंडनच्या रस्त्यावर प्रवचन केल्याच्या आरोपावरून ओल्ड बेलीच्या न्यायालयात उभे केले गेले. आत येताना कोणीतरी त्यांच्या हॅट आधीच काढून घेतल्या होत्या. तेव्हा पीठावरून हुकूम झाला की त्या पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवा. तशा ठेवल्या गेल्या, आणि लगेच हॅट न काढून न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल दोघांना प्रत्येकी 40 मार्क, म्हणजे सव्वीस पौंडांहून अधिक, दंड ठोठावला गेला. पुढे ज्यूरीने त्यांना दोषी ठरवण्यास नकार दिला म्हणून ज्यूरीलाही अन्नपाण्याविना कोंडून ठेवले आणि दंड केला. त्यातील एडवर्ड बुशेल याने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि निकालाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येत नाही हे इंग्रजी कायद्याचे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. हाच पेन पुढे पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक झाला, तेव्हा आपण ज्या देशात निघाला आहात त्याच्या इतिहासातही ही न काढलेली हॅट आहेच.

संसदांचा हिशेब आणखी निराळा आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने 1837 मध्ये सभागृहात हॅट घालण्यास बंदी केली आणि धार्मिक कारणाने डोके झाकणाऱ्या सदस्यांसाठी ती 2019 मध्ये शिथिल केली. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये उलट प्रकार होता: मतदान चालू असताना हरकतीचा मुद्दा मांडायचा तर सदस्याने बसून आणि डोके झाकूनच बोलले पाहिजे, असा नियम 1998 पर्यंत होता, आणि त्यासाठी घडी होणारी एक हॅट सभागृहात मुद्दाम ठेवलेली असे.

आता पत्नीविषयी. परंपरेने स्त्रीची हॅट हा तिच्या पोशाखाचा आणि केशरचनेचा भाग मानला जातो. पूर्वी ती लांब टाचण्यांनी केसांत पक्की केलेली असे आणि काढली तर सगळी रचनाच कोसळे, म्हणून घरात, चर्चमध्ये, जेवणाच्या मेजावर ती न काढण्याची मुभा तिला मिळाली आणि टाचण्या गेल्या तरी मुभा राहिली. याला दोन अपवाद आहेत. नाट्यगृहात किंवा चित्रपटगृहात मागच्या माणसाला दिसत नसेल तर हॅट कोणाचीही असो, ती काढलीच पाहिजे. दुसरा अपवाद बेसबॉल कॅपचा: ती स्त्री-पुरुष सारखीच घालतात, त्यामुळे ती स्त्रीच्या डोक्यावर असली तरी आजचे जाणकार तिला पुरुषांच्या हॅटचाच नियम लावतात. उन्हासाठी घेतलेली रुंद हॅटही घरात आल्यावर काढलेली बरी, असे माझे मत आहे. हा नियम नाही, पण उन्हाळी हॅट घालून दिवाणखान्यात बसलेली व्यक्ती नेहमी उठून जाण्याच्या बेतात असल्यासारखी दिसते.

प्रार्थनास्थळांत ही खूण उलटीसुलटी होते आणि माझी सर्वांत मोठी चूक तेथेच झाली. ख्रिस्ती चर्चमध्ये पुरुषाने डोके उघडे ठेवावे आणि स्त्रीने झाकावे, हे संत पॉलने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आले आहे. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायदेसंहितेत तसा नियमच होता, 1983 च्या संहितेत तो राहिला नाही, पण पुरुषांचे हॅट काढणे सर्वत्र चालू आहे. ही सवय अंगवळणी पडलेली असताना मी एकदा एका सहकाऱ्याच्या मुलाच्या समारंभासाठी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गेलो आणि दारातच मोठ्या अदबीने हॅट काढून हातात घेतली. दाराशी उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले, हॅटकडे पाहिले आणि हसून ती पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवण्याची खूण केली, कारण तेथे ईश्वरासमोर पुरुषाचे डोके झाकलेले असणे हाच आदर आहे. गुरुद्वारातही स्त्री-पुरुष सर्वांनी डोके झाकायचे असते, मात्र त्यासाठी हॅट नव्हे तर रुमाल वापरतात. शिखांची पगडी, ज्यूंची किप्पा नावाची छोटी टोपी, मुस्लिम स्त्रीचा हिजाब यांना या उत्तरातले काहीच लागू नाही, आणि आजारपणामुळे केस गेलेल्या माणसाने डोके झाकले असेल तर त्यालाही नाही. ती टोपी का काढली नाही असे विचारणाऱ्याचाच शिष्टाचार तेथे तपासावा लागेल.

राहिला राष्ट्रगीताचा प्रश्न. अमेरिकेत ध्वजासंबंधीची संहिता 1942 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, संमत केली. तीनुसार आणि राष्ट्रगीताविषयीच्या कायद्यानुसार गणवेशात नसलेल्या पुरुषाने उजव्या हाताने टोपी काढून ती डाव्या खांद्यापाशी अशी धरावी की हात हृदयावर येईल. या तरतुदी ‘करावे’ अशा भाषेत आहेत आणि त्या न पाळल्याबद्दल तेथे शिक्षा सांगितलेली नाही. तेव्हा तो गुन्हा नव्हे. पण सामन्याला हजारो माणसे एकदम उभी राहून टोप्या काढत असताना एकच डोके झाकलेले राहिले तर आजूबाजूचे लोक ते नक्की टिपतात. परदेशी पाहुणा म्हणून आपण छातीवर हात नाही ठेवला तरी चालेल; हॅट काढून स्तब्ध उभे राहावे. लक्षात यायला उशीर झाला तर मध्येच निमूटपणे काढावी, माफी मागत बसू नये. रस्त्याने अंत्ययात्रा जात असेल तर तेव्हाही असेच करतात.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण पहिल्याच आठवड्यात ती अडेल: काढलेली हॅट ठेवायची कोठे? जुन्या रेस्टॉरंटांत खुंट्या असत, नव्यांत त्या क्वचितच दिसतात. जेवणाच्या टेबलावर ती ठेवू नये. घरी गेल्यास यजमानाला विचारून ठेवावी, आणि पलंगावर तर ठेवूच नये, कारण काउबॉय हॅटच्या मुलखात ते अशुभ मानतात आणि यजमान काही बोलला नाही तरी कोणीतरी ती पटकन उचलून दुसरीकडे ठेवील. सपाट जागेवर ठेवताना ती माथ्यावर उलटी ठेवावी, म्हणजे कडेचा आकार बिघडत नाही. शेजारची खुर्ची रिकामी असेल तर मी तीवर ठेवतो, नसेल तर मांडीवर, आणि उठताना आधी हॅट उचलतो, मग बिल. दोन चांगल्या हॅट रेस्टॉरंटमध्ये विसरून आल्यानंतर हा क्रम मी ठरवला.