थंडरहिलचा पहिला दिवस: साइड द्यायची तयारी आहे ना?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपूर्वी टोयोटा जीआर ८६ घेतली, मॅन्युअल. गाडीबरोबर 'नासा'चं वर्षभराचं सभासदत्व आणि ट्रॅकवरचा एक दिवस फुकट मिळालाय, तो सप्टेंबरात थंडरहिलला, म्हणजे कॅलिफोर्नियात विलोजजवळच्या रेसट्रॅकवर, वापरायचाय. (बाकीच्यांसाठी: ही नासा रॉकेटवाली नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. मी पहिल्यांदा आईला फोनवर 'उद्या नासाकडे जातोय' म्हणालो होतो, आणि संध्याकाळपर्यंत कराडात आमच्या अख्ख्या गल्लीला माझी नोकरी बदलल्याची खबर होती.) तुमचे प्रश्न तीन: गाडीत काय काय बदलून घेऊ, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी घसरू न देणारी यंत्रणा) बंद करू का, आणि बायकोला शेजारी बसवता येईल का.

शेवटच्याचं उत्तर सोपं आहे. नाही येणार. पहिल्या, म्हणजे नवशिक्यांच्या गटात तुमच्या शेजारची सीट इन्स्ट्रक्टरची असते. बायको आली तर पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, थांबू शकते, गेटवर तिलाही कागदावर सही करावी लागेल. तिला खरंच रस असेल तर तिचं वेगळं नाव नोंदवा, पण एकाच दिवशी एकाच गाडीवर दोघं नको. गाडीला आणि ब्रेकला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

आता गाडी. तुम्ही सस्पेन्शन, एक्झॉस्ट आणि चिकट टायर अशी यादी दिलीय. यातलं काहीही घेऊ नका. पावणेतेराशे किलोच्या आसपासची, २२८ हॉर्सपॉवरची गाडी आहे, पहिल्या दिवशी ती तुमच्यापेक्षा कितीतरी पुढे असणार. कंपनीचे टायर राहू द्यात. ते घसरायच्या आधी बोंबलतात, आणि नवशिक्याला ते बोंबलणं हवंच असतं. चिकट टायर बराच वेळ गप्प धरून ठेवतात आणि सुटतात तेव्हा एकदम सुटतात.

पैसे घालायचे ते ब्रेक ऑइलवर. बोरघाट उतरून खोपोलीला आलेल्या ट्रकच्या लायनरचा वास तुम्ही घेतला असेलच. ट्रॅकवर तेच, फक्त वीस मिनिटांत. ताशी शंभर मैलांवरून पन्नासवर आलात की गाडीतली तीन चतुर्थांश गतिज ऊर्जा संपलेली असते, आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन डिस्कमध्ये जाते. दर फेरीत, पुन्हा पुन्हा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्याची हमी फक्त १४० अंशांची. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ जमिनीला टेकतं. आपल्याकडचे मेकॅनिक 'एअर धरली' म्हणतात तसलाच प्रकार, फक्त तो सरळ रस्त्याच्या शेवटी, वळण समोर असताना होतो. तेव्हा जायच्या आधीच्या आठवड्यात चांगलं जास्त तापमानाचं डॉट ४ ऑइल भरून घ्या आणि पॅड किती उरलेत ते बघा. निम्म्याहून कमी असतील तर नवे टाका.

हेल्मेट 'स्नेल एसए' शिक्क्याचं, म्हणजे गाड्यांच्या रेसिंगसाठी तपासलेलं, लागतं. मोटरसायकलचं, एम शिक्क्याचं, चालत नाही, कारण एसएच्या अस्तराची आगीसाठी चाचणी झालेली असते. एकाच दिवसासाठी विकत घ्यायचं नसेल तर भाड्याने मिळतंय का ते आधी विचारून ठेवा. सुती कपडे, फुल पँट, पातळ तळव्याचे बूट. जाड तळव्याच्या रनिंग शूजमध्ये ब्रेक किती दाबलाय ते पायाला कळत नाही. आणि इन्शुरन्सची पॉलिसी काढून वाचा. बहुतेक पॉलिसींत रेसट्रॅक वगळलेला असतो. एका दिवसापुरता वेगळा विमा मिळतो, नव्या गाडीसाठी मी तो घेतला असता.

आता मुद्द्याचं. तुमच्या प्रश्नात जे नाहीच आहे ते.

पहिल्या गटात ओव्हरटेक कुठेही करता येत नाही. ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवरच, आणि तेही पुढच्याने खिडकीतून हात बाहेर काढून कुठल्या बाजूने जा ते दाखवलं तरच. इथे याला पॉइंट-बाय म्हणतात. खिडक्या त्यासाठीही उघड्या ठेवायच्या असतात. इन्स्ट्रक्टर हे समजावत होता तेव्हा मला हसू आलं, कारण कुंभार्ली घाटात मी हे लहानपणापासून बघत आलोय. पुढचा ट्रकवाला उजवा हात बाहेर काढून पंजा हलवतो, आपण निघतो, हॉर्नचा एक टिचका देतो. साइड देणं. इथे स्टेअरिंग डावीकडे म्हणून हात डावा, एवढाच फरक.

आणि तरीही पहिल्या दिवशी मी साइड दिली नाही.

२०१५ची गोष्ट. माझ्याकडे १९९९ची मियाटा, माझदाची छोटी दोन सीटची गाडी, होती, चकचकीत पुसून नेलेली. सकाळची दोन सेशन्स बरी गेली होती, अंगात थोडी हवा शिरली होती. तिसऱ्यात मागे एक रंग उडालेली सिव्हिक आली. मला वाटलं, ही काय मला मागे टाकणार? सरळ पट्ट्यावर मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला, म्हणजे तिला येताच येईना. इन्स्ट्रक्टर दोनदा म्हणाला, 'साइड दे.' मी म्हटलं, 'पुढच्या पट्ट्यावर देतो.' आणि दुसऱ्या वळणात शिरलो.

थंडरहिलच्या मोठ्या, तीन मैलांच्या ट्रॅकवर पंधरा वळणं आहेत, त्यातलं हे दुसरं म्हणजे डावीकडे जाणारं लांबलचक वळण, जवळजवळ अर्धं वर्तुळ. संपतच नाही. मी जरा जास्तच वेगात घुसलो होतो, पण गाडी धरून होती. मी मात्र आरशात बघत होतो, सिव्हिक किती जवळ आलीय ते. मान वर केली तर गाडी बाहेरच्या कडेकडे निघालेली. घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. भर वळणात पाय उचलला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि मागून ओढणाऱ्या गाडीचं बूड बाहेर निघतं. हे वर्गात सकाळीच सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

शेजारून 'दोन्ही पाय!' अशी आरोळी आली. गिरकी सुरू झाली की क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरायचे, म्हणजे इंजिन बंद पडत नाही आणि गाडी पुन्हा पकड घेऊन भलतीकडे उडत नाही. मी दाबले. सुकलेलं पिवळं गवत, आकाश, परत गवत, आणि मग आतल्या बाजूच्या मातीत उलट तोंडाने उभे. धुळीचा लोट खिडकीतून आत आला, दातांत माती कचकचली. धुळीपलीकडून सिव्हिक निवांत निघून गेली.

असं झालं की पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकला लागून गाड्या थांबवायच्या जागेत, यावंच लागतं. तिथल्या माणसाने वाकून गाडीखालून मूठभर गवत उपसलं, चाकं बघितली. इन्स्ट्रक्टरने हेल्मेट काढलं आणि एकच विचारलं, 'कुठे बघत होतास?' तो रागावला असता तर बरं झालं असतं.

म्हणून सांगतो, सप्टेंबरात तुमच्या नव्या कोऱ्या गाडीमागे कोणाची तरी वीस वर्षं जुनी मियाटा येईल, किंवा एखादी चार दारांची साधी सेदान. आरशात ती मोठी दिसायला लागली की पुढच्याच पट्ट्यावर हात बाहेर काढा, नीट दाखवा आणि पाय जरा सैल करा. पाय सैल करणं महत्त्वाचं. हात दाखवायचा आणि ॲक्सिलरेटर दाबूनच ठेवायचा ही साइड नव्हे, थट्टा झाली. ज्याला साइड देता येते त्याच्या डोक्यावरचं ओझं जातं आणि नजर परत रस्त्यावर येते. नंतरच्या वर्षांत मी स्वतः काही दिवस नवशिक्यांच्या शेजारी बसलो. हळू चालवणाऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. आरशाशी भांडणाऱ्याची वाटायची.

नजर म्हणजे काय तेही सांगतो. नवशिके बहुतेक बॉनेटच्या पुढे दहा फूट बघतात. वळायच्या आधी ब्रेक सरळ रेषेत मारून संपवायचा, मग डोळे आतल्या कडेवरच्या खुणेवर न्यायचे, आणि गाडी तिथे पोचायच्या आत ते वळणाच्या बाहेर पडायच्या जागी गेलेले हवेत. पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी या जागांवर शंकू ठेवलेले असतात. पाचवं वळण, त्याला सायक्लोन म्हणतात, टेकडीच्या माथ्यावर आहे. चढताना समोर नुसतं आभाळ. नवव्यालाही चढ आणि पुढचं काही दिसत नाही. तिथे इन्स्ट्रक्टर सांगेल त्या खुणेवर विश्वास ठेवायचा. आठवं डावीकडचं, वेगाचं. त्याच्याबद्दल लोक पॅडॉकमध्ये छाती काढून बोलतील. तुम्ही पहिल्या दिवशी तिथे थोडा ब्रेक मारून जा, कोणी विचारायला येत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल: चालू ठेवा. दिवसभर. डॅशबोर्डवर तो दिवा लुकलुकला तर ते कुठल्या वळणात झालं ते लक्षात ठेवा आणि सेशननंतर इन्स्ट्रक्टरला विचारा. फुकटचा मास्तर आहे तो. टाचेने ॲक्सिलरेटर उडवत गिअर खाली टाकायचा प्रकारही सध्या राहू द्या. गिअर कमीत कमी बदला. लॅप टायमर लावू नका, मोबाइल काचेवर चिकटवू नका. गाडीत सुटी वस्तू एकही नको: पाण्याची बाटली, चष्म्याची डबी, डिकीतली स्टेपनीची हत्यारं, सगळं बाहेर. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट आठवणीने काढा, ती पेडलखाली सरकते.

झेंडे सकाळच्या मीटिंगमध्ये सांगतात, पण पाठ करूनच जा. पिवळा म्हणजे पुढे काहीतरी झालंय, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे आरसा बघून, सावकाश कडेला पूर्ण थांबा. काळा म्हणजे पिटमध्ये या. चौकटीचा म्हणजे सेशन संपलं. त्यानंतरची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश मारायची, डिस्क थंड होण्यासाठी. आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही! तापलेले पॅड तापलेल्या डिस्कला दाबून बसतात. गिअरमध्ये टाका, चाकाला लाकडाचा ठोकळा लावा.

दिवस साधारण असा असतो: वीस मिनिटं ट्रॅकवर, मग वर्ग, मग वाट बघणं, असं चार-पाच वेळा. विलोजला सप्टेंबरातही ऊन भाजून काढतं. आजूबाजूला भाताची शेतं आणि बदामाच्या बागा, ट्रॅकवर मात्र सावली नावाला नाही. पॉपअप तंबू आणि खुर्ची न्या. नुसतं पाणी पिऊन भागत नाही. मी कोकम आगळाची बाटली नेतो, थंड पाण्यात मीठ-जिरं घालून. एकदा शेजारच्या कॉर्व्हेटवाल्याने ते बघून 'बीट आहे का' विचारलं, आता दर वेळी पेला घेऊन येतो. जेवायला धपाटे आणि दही बरं. दुपारी बिर्याणी हाणून हेल्मेट घालायचा प्रयोग करून झालाय, सांगण्यासारखा नाही.

शेवटचं सेशन सोडून दिलंत तरी चालेल. मी पाहिलेल्या गिरक्यांपैकी बऱ्याचशा दुपारी चारनंतरच्या आहेत. माणूस थकलेला असतो आणि त्याला ते कळत नाही. मी तरी पहिल्या दिवशी शेवटचं सेशन केलं नाही. त्या सिव्हिकवाल्याला शोधून काढलं आणि सॉरी म्हटलं. त्याने त्याच्या टायरमधली हवा मला मोजून दाखवली. सकाळपेक्षा पाच-सहा पौंड वाढली होती. ट्रॅकवरून आल्या आल्या गरम टायरची हवा मोजून थोडी कमी करतात, हे मला त्याने शिकवलं.

म्हणून हवा मोजायचा गेज आणि टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळणारा) घेऊन जा. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला सकाळी आणि दुपारी चाकांचे नट तपासा. परत निघताना कमी केलेली हवा पुन्हा भरा, नट आणखी एकदा बघा. आणि आय-५ हायवेला लागल्यावर क्रूझ कंट्रोल लावून टाका, कारण दिवसभरानंतर सत्तर मैल म्हणजे गाडी उभीच आहे असं वाटतं.