लूपर मध्येच थांबतो

प्रश्न : गिटारला डिले (सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं पेडल) आणि लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून फिरवत ठेवणारं पेडल) जोडलेत. लूपरचं बटण एकदा दाबलं तरी कधीकधी दोनदा लागतं आणि लूप थांबतो. दोन्ही पेडल एकाच अ‍ॅडॉप्टरवर आहेत. बारीक शिट्टीही ऐकू येते.

उत्तर : स्विचचे कॉन्टॅक्ट काळवंडले की एका दाबात दोन ठोके जातात. लूपर त्याला डबल टॅप, म्हणजे ‘थांब’, समजतो. वायर काढा, तळ उघडा, स्विचच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, बटण 20-30 वेळा दाबा, वाळू द्या. शिवणयंत्राचं तेल नको, धूळ धरतं. तरीही तेच झालं तर स्विच बदला. मात्र ‘मोमेंटरी’च, म्हणजे दाबलेला असेपर्यंतच जोडणारा, घ्या, खटका अडकून राहणारा चालत नाही.

शिट्टी दोन डिजिटल पेडलच्या सामाईक ग्राउंडमुळे येते. आयसोलेटेड, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या, आउटपुटचा पॉवर सप्लाय घ्या. व्होल्ट आणि पोलॅरिटी (प्लस-मायनसची बाजू) पेडलवर छापल्याप्रमाणेच हवी. मिलिअ‍ॅम्पिअर जास्त असले तर बिघडत नाही, कमी मात्र नकोत.

आता मजेचं. डिले लूपरच्या आधी ठेवा. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंद. डिले 375 वर, म्हणजे पाऊण मात्रेवर लावा आणि रूपक तालाच्या सात मात्रा वाजवा. लूप सातवीवर बंद करू नका, पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर दाबा. तिथे डिलेची शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारे पडसाद, तुटते आणि सांधा कानाला खुपतो. म्हणून लूपर रेकॉर्डनंतर थेट ओव्हरडबमध्ये (आधीच्या लूपवर नवा थर चढवण्यात) जाईल असं सेटिंग करा. शेपूट पुढच्या फेरीत आपोआप उतरते.